चवळी आणि राजमा

वहिनी, आधी माझी चूक सांगून टाकते, म्हणजे बाकीचं बोलायला मी मोकळी होईन. तुझं तेरावं झालं, तुझी लेक पुण्याला परत गेली, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुझं स्वयंपाकघर आवरायला घेतलं. खालच्या फळीवरचा मोठा डबा उघडला, तर त्यात चवळी आणि राजमा एकत्र. मी तिथंच फतकल मारून बसले, सगळं परातीत ओतलं आणि वेगळं केलं. दोन बरण्या, दोन झाकणं, झाकणांवर चिठ्ठ्या. आबिड्सला पोस्टात जिचं उभं आयुष्य पत्रं आपापल्या खणात टाकण्यात गेलं, तिला दुसरं काय सुचणार? बरण्या फळीवर ठेवल्या आणि मनात म्हटलं, संपलं एकदाचं हे नाटक.

संपलं काहीच नव्हतं, पण ते पुढे येईलच.

तुला जाऊन आज बावीस दिवस झाले. जामबागेतल्या माझ्या घराला कुलूप लावून मी तुझ्या हिमायतनगरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेय. रेवानं तुझ्या कपाटातला एक कप्पा मला रिकामा करून दिला. तुझ्या साड्या तिनं काढल्या नाहीत, नुसत्या बाजूला सरकवल्या. तुझी लेक शहाणी आहे गं. रडलीसुद्धा ती वेळ बघून, आजी झोपलेली असताना. रविवारी पुण्याला परत जाण्याआधी तिनं मला समोर बसवलं. म्हणाली, "आत्या, प्लीज इमोशनल होऊ नकोस. मी सगळं चेक केलंय. शहराबाहेर एक चांगलं होम आहे, नर्सेस आहेत, गार्डन आहे. आजीचं नाव टाकून ठेवलंय. मंथ-एंडला हो की नाही ते कळवायचंय. तुला नाही झेपणार हे."

तिचं काय चुकलं? मी एकसष्ट वर्षांची, जिना चढताना गुडघे कुरकुरतात, आणि माझा स्वभाव तर तुला ठाऊकच आहे. आई शहाऐंशीची. नाश्ता केल्याचं तिला दहा मिनिटांनी आठवत नाही. पण मी आवाज चढवला तर माझे शब्द विसरूनही ती दिवसभर माझ्याकडे भेदरल्यासारखी बघते. हे मला तीन आठवड्यांत कळलं. तू सात वर्षं काढलीस.

तेव्हा महिनाअखेरपर्यंत मला ठरवायचंय, आईला घरी ठेवायचं की पाठवायचं. आणि असलं काही विचारायला मला तुझ्याखेरीज कधी कोणी होतं का?

तू वाईहून दादाची बायको होऊन आलीस, तेव्हा आम्ही सगळे जामबागेतच होतो. आमची माणसं भालकीकडची, शेती मागे ठेवून हैदराबादला आलेली. वडील कचेरीत, आणि आई घरातच कॉलेजच्या मुलांची खानावळ चालवायची. नांदेड, उदगीर, बिदरकडची पोरं, वीसेक तरी असायची पंगतीला. तू पहिल्या आठवड्यात दादाला विचारलंस, हे लोक मराठी बोलतात की माझी फिरकी घेतात? आमचं 'हौ' आणि 'नक्को' तुझ्या कानाला सोसायचं नाही. आई 'नक्को पोरी, नक्को' म्हणत तुझ्या हातातलं भांडं काढून घ्यायची आणि तुला वाटायचं, सासूला आपण पसंत नाही. आणि मग काही वर्षांनी माझ्याशी फोनवर बोलता बोलता तूच 'हौ हौ' करायला लागलीस, तेव्हा मी किती हसले होते.

खरं सांगायचं तर तुला तेव्हा काही येत नव्हतं. पहिल्याच महिन्यात तू डाळ न निवडता शिजायला टाकलीस आणि भर पंगतीत एका पोराच्या दाताखाली कचकन खडा आला. तेव्हा आमची आजी होती, आईची सासू. तिची जीभ म्हणजे सुरी. तिनं आतून विचारलं, "कुणी निवडली गं डाळ?" तू पांढरीफटक पडलीस. आणि आई वाढता वाढता म्हणाली, "म्याच. डोळं गेलं माझं आताशा." आजीनं आईला पोटभर सुनावलं, आईनं ऐकून घेतलं. त्याविषयी तुझ्याशी ती एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून फक्त तुझ्या शेजारी परात घेऊन बसायला लागली. ही गोष्ट तू मला इतक्यांदा सांगितलीस की मी म्हणायचे, पुरे आता, पाठ झालीय. आता तूच नाहीस तर मीच स्वतःला सांगत बसते.

म्हणूनच असेल, दादा गेल्यावर रेवा तुला पुण्याला बोलवत होती तेव्हा तू गेली नाहीस. आईचं विसरणं तोवर वाढलं होतं. गॅस तसाच राहायचा, दादाला ती तिचा भाऊ समजायची. मी तुला म्हटलं होतं, "वहिनी, तुझी ती सासू. आई माझी आहे." तू म्हणालीस, "मग न्या की जामबागला." मी चपला शोधायला लागले. तू फक्त म्हणालीस की त्यांना इथला जिना पाठ आहे. मी रविवारी येत राहिले, फळं घेऊन. रिटायर झाले तरी रविवारीच. "वन्सं, तुमचं आपलं रविवारचं प्रेम," असं तू हसत म्हणायचीस. मी पण हसायचे. ते हसण्यावारी न्यायला नको होतं मी.

मग तुला औषधाच्या दुकानात तो कागद दिसला. विद्यापीठाच्या समाजकार्य विभागात दर शनिवारी वर्ग, डिमेन्शिया झालेल्यांना घरी सांभाळणाऱ्यांसाठी. म्हाताऱ्यांनाही घेऊन या, शेजारच्या खोलीत विद्यार्थी त्यांच्याजवळ बसतील. मी तोंड सोडलंच. "सासू सांभाळायला आता विद्यापीठाची डिग्री लागते का?" तू आईच्या केसांना तेल लावत होतीस. वर न बघता म्हणालीस, "तुम्हाला पोस्टात ट्रेनिंग दिलं होतं ना, वन्सं? आणि पत्रं तर कागदाची असतात."

एकदा मला ओढून नेलंस त्या वर्गाला. तीसेक माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, बहुतेक बायका, आणि सगळ्यांच्या डोळ्यांखाली तुझ्यासारखंच काळं. वर्ग घेणाऱ्या पद्मा मॅडमनी सगळ्यांना जाड हातमोजे दिले, व्हॅसलिन फासलेले चष्मे दिले आणि सांगितलं, आता शर्टाची बटणं लावा. मी म्हटलं, मी नाही असले पोरखेळ करणार. तू लावत बसलीस. एक बटण लावायला तुला किती वेळ लागला, आणि लागलं तेव्हा मोजे न काढताच तू डोळे पुसलेस. सगळ्या गालांना ते व्हॅसलिन लागलं. मी खिडकीबाहेर बघत बसले होते, असं तुला वाटलं असेल. मी बघत होते तुझ्याकडे.

आणि शेजारच्या खोलीत आईची काय मजा! विशीतली पोरं समोर बसलेली बघून तिला वाटलं खानावळ पुन्हा सुरू झाली. प्रत्येकाला विचारत होती, "जेवलास का रे बाबा?" एक बिचारा खरं बोलला, नाही जेवलो म्हणून. झालं. आई उठून भाकरीची टोपली शोधायला लागली, आणि तिला रिक्षात बसवताना तिघांना हात द्यावा लागला. वाटेत तिचं एकच, "आज पोरं कमी जेवली." त्या दिवशी आपण दोघी खूप दिवसांनी मनापासून हसलो. तेवढ्यापुरती मी त्या वर्गाला माफी दिली.

डाळीची गोष्ट तिथलीच. आई दिवसभर फेऱ्या मारायची, दार हलवायची, पदराचे दोरे उसवायची. तू मॅडमना सांगितलंस. त्यांनी विचारलं, "अम्मा पहले क्या काम करते थे? वोइच काम देव उनकू. आदमी का काम छीन लिए तो आदमी अपनेच घर में मेहमान हो जाता जी." घरी आल्यावर तू आईपुढे परात ठेवलीस आणि तूरडाळ ओतलीस. आई गॅलरीत बसली ती अकरापर्यंत उठली नाही. पण आताच्या डाळीत खडे कुठले? दोन दिवसांत तिचं काम संपलं आणि फेऱ्या पुन्हा सुरू. तेव्हा तुला ती युक्ती सुचली. दोन डाळी एकत्र करायच्या. सकाळी आई निवडणार, वेगळ्या करणार. दिवेलागणीला तू स्वयंपाकघराचं दार लावून त्या पुन्हा एक करणार. दुसऱ्या दिवशी पुन्हा परात.

मला हे तू सांगितलं नाहीस. एका रविवारी मी उशिरापर्यंत थांबले होते, पाणी प्यायला आत आले, दार ढकललं आणि तू दोन्ही हातांनी डाळी ढवळत होतीस. आईनं सकाळभर मान मोडून निवडलेल्या. माझं डोकंच फिरलं. एकदा खणात लावलेलं टपाल कोणी परत गोणीत ओतलं असतं, तर मी त्याला पोस्टात उभं केलं नसतं. "माझ्या आईला वेडं बनवतेस?" असं मी म्हटलं. "तिचे कष्ट असे मातीत घालतेस? पाप आहे हे." आणखीही बरंच म्हटलं. तू हात झटकलेस, झाकण लावलंस आणि म्हणालीस, "वन्सं, तुम्ही रोज केर काढता. तो रोज परत येतोच की. त्याला कोणी पाप म्हणत नाही."

मी पर्स उचलली आणि निघून आले. त्यापुढचे तीन रविवार मी फिरकले नाही. नंतर यायला लागले, पण तो विषय ना मी काढला, ना तू. भांडण तसंच अर्धवट राहिलं, आणि मला वाटायचं की त्यात बरोबर मीच होते.

तुझी वही माझ्याकडे आहे. वर्गात सगळ्यांना ठेवायला सांगितलेली, घरी काय चाललं, काय फसलं, ते लिहायची. रेवानं ती उघडली आणि माझ्यापुढे धरली. "आत्या, मराठी बोलता येतं मला, पण आईचं हे अक्षर नाही गं वाचता येत. तूच वाच आणि सांग." मी तिला थोडंच सांगितलं.

"आंघोळीला नाही म्हणाल्या. म्हटलं पाहुणे येणारेत. लगेच उठल्या. आंघोळ होईपर्यंत पाहुणे विसरल्या."

"तूर आणि हरभरा डाळ आता ओळखू येत नाही. उद्यापासून मूग आणि मसूर."

आणि बऱ्याच पानांनंतर, "मसूरही चुकतोय. चिडतात. चवळी आणि राजमा आणला. पांढरं आणि लाल, जमलं. खूश होत्या." त्याच्या खाली, "एक राजमा तोंडात घातला. निवडत असताना समोरून उठायचं नाही." म्हणजे रोज सकाळी आई निवडायची तेवढा वेळ तू समोर बसून असायचीस. मला वाटायचं, आईला कामाला लावून तू निवांत पेपर वाचत असशील.

आपल्या भांडणाचंही आहे. "आज वन्सं रागावून गेल्या. त्यांचंही बरोबर आहे. पण दुसरं काय करू ते सांगून गेल्या असत्या तर बरं झालं असतं." मी हे वाचलं आणि वही मिटून फिरायला गेले. नारायणगुड्यापर्यंत चालत गेले, मग लक्षात आलं की आई घरी एकटी आहे, आणि रिक्षा करून परत आले. हे रेवाला सांगितलेलं नाही.

प्रत्येक आठवड्याच्या शेवटी मॅडमचा एक प्रश्न असायचा, या आठवड्यात स्वतःसाठी काय केलं? तुझी ती ओळ बहुतेक ठिकाणी कोरी आहे. एके ठिकाणी 'केस धुतले'. एके ठिकाणी 'काही नाही'. आणि एका पानावर, खाली रेघ ओढून, "चहा गरम असताना प्यायले." मला तुझा राग येतो वहिनी. खरंच येतो. वर्गात सांगायचे ना, स्वतःची तब्येत बघा म्हणून? छातीत जळजळतंय, जळजळतंय म्हणत तू दोन महिने ॲसिडिटीच्या गोळ्या चघळत राहिलीस. डॉक्टरकडे जायचं तर आईला कोणाकडे ठेवायचं, हाच प्रश्न होता ना? मला विचारायचं होतंस.

विचारलंस की. सात वर्षांत एकदा विचारलंस.

बुधवारी तुझा फोन आला होता. "वन्सं, उद्या जमलं तर येता का? जरा दमल्यासारखं वाटतंय." मी म्हटलं, "उद्या माझा सिलिंडर यायचाय. रविवारी येतेच आहे की." तू म्हणालीस, "बरं, बरं. रविवारीच या. येताना सीताफळं नका आणू, आई बिया गिळतात." आपलं शेवटचं बोलणं सीताफळांचं झालं. सिलिंडर काही त्या दिवशी आला नाही.

गुरुवारी सकाळी समोरच्या राजम्मा तुझं भांडं द्यायला आल्या, दार नुसतं लोटलेलं. त्या आत आल्या तेव्हा तू ओट्याजवळ खाली पडली होतीस आणि आई तुझ्या शेजारी परात घेऊन बसली होती, निवडत. राजम्मा किंचाळणार एवढ्यात आईनं तोंडावर बोट ठेवलं. राजम्मा मला रडत सांगत होत्या, "अम्मा मेरेकूच चुप कर दिए. बोले, हल्लू, बच्ची अब्बी सोई." ओट्यावर तुझा चहा होता, साय धरलेला. कप मी धुऊन ठेवलाय, वापरत नाही.

त्यानंतर तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं. आई येईल त्याला 'जेवून जा' म्हणत होती. एकदाही तिनं तुझ्याविषयी विचारलं नाही. एकदाही नाही. रेवा तिच्या पायाशी बसून रडली तर तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "परीक्षा अवघड गेली का?" माझ्या मनात येत राहिलं की सात वर्षं जिनं न्हाऊमाखू घातलं, ती हिच्या लेखी कोणीच नव्हती. तुझ्या वहीतलं एक पान मला दिसत होतं. "आज विचारलं, बाई, तू कुण्या गावची? म्हटलं, वाईची. तर म्हणाल्या, मग जा की घरी, आई वाट बघत असल. मॅडम म्हणतात मनाला लावून घेऊ नका. लावून घेतलं." वाईला तू सात वर्षांत पाऊल टाकलं नव्हतंस. भाचीचं लग्न फोनवर बघितलंस, तेही आईला भरवता भरवता.

तर अशा मनानं मी ती चवळी आणि राजमा वेगळा केला. वाटलं, जिनं हा खेळ मांडला तीच आता नाही, मग पसारा कशाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई गॅलरीत जाऊन बसली. परात मांडीवर, रिकामी. बोटं परातीत फिरत होती. मी बरणीतली चवळी ओतली. तिनं चिमूटभर उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि परात माझ्याकडे सरकवली. "हे निवडलेलं हाय." राजमा ओतला. "हे बी निवडलेलं हाय." मग उठली. दारापर्यंत, परत, दारापर्यंत, परत. जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मी तिला धरून बसवायला गेले तर माझ्या मनगटावर ओरखडे काढले. तिसऱ्या दिवशी तिनं पदराचा अख्खा काठ उसवला आणि मी ओरडले, वहिनी. आई आहे हे विसरून ओरडले. ती कोपऱ्यात सरकली आणि हात डोक्यावर धरून बसली. मी मारीन असं तिला वाटलं.

मी आत गेले आणि रेवाला फोन लावला, हो म्हणून सांगायला. मला आता बास झालं होतं. तिचा मेसेज आला, "मीटिंगमध्ये आहे आत्या, सहाला करते."

तेवढ्यात मॅडमचा फोन आला. तुझ्याविषयी बोलल्या, थोडं रडल्याही. मी त्यांना सांगितलं, मला काही जमत नाही, तुमच्या वर्गात मी खिडकीबाहेर बघत बसले होते. त्या म्हणाल्या, "सब पहले दिन खिड़की देखते जी. शनिचर कू आव आप, अम्मा को लेके. भाभी की कुर्सी उधरीच है." मी 'देखते' म्हणून ठेवून दिला.

सहाला अजून वेळ होता. दिवे लागायची वेळ. फोन हातात धरून बसवेना म्हणून असेल, मी उठले, फळीवरच्या दोन्ही बरण्या काढल्या, चिठ्ठ्या लावलेल्या त्या, आणि परातीत ओतल्या. चवळी, वर राजमा. हात घातला. इतकं जीवावर आलं माझ्या ते हात घालणं, तुला काय सांगू. नोकरीभर जे केलं त्याच्या बरोब्बर उलटं. ढवळत होते आणि रडत होते, आणि तुझ्यासारखं दार लावायचं मात्र विसरले.

मागे बघितलं तर आई उभी. परातीकडे बघत.

आता हिला कळलं, म्हटलं, आता ही काय करते कोण जाणे. ती पुढे आली, माझ्या हातावर हात ठेवला, आणि तोंडाजवळ तोंड आणून हळूच म्हणाली, "हल्लू. म्हातारीच्या कानावर नको जाऊ देऊस."

मला कळेना. "कोण म्हातारी, आई?"

तिनं आतल्या खोलीकडे मान हलवली. आमची आजी जाऊन तीस वर्षं झाली असतील. "ती बोलती मग लेकराला. नवी हाय पोरगी. वाईची. रोज सांजच्याला डाळी एक करून ठेवती बघ, समजत नाही तिला अजून. म्या सकाळी निवडून टाकते. तिला बी नाही सांगत. कशाला लाजवायचं?"

वहिनी, तू दार लावायचीस ना? तरी तिनं कधीतरी बघितलं होतं. एकदा की रोज, देव जाणे. तू तिला कळू न देता डाळी मिसळायचीस आणि ती तुला कळू न देता तुझी चूक निस्तरायची. रोज सकाळी ती जी मान मोडून बसायची ती काम हवं म्हणून नव्हे. तिच्या सुनेला कोणी बोलू नये म्हणून. नाव नसेल राहिलं तिच्याजवळ तुझं. तोंडही नसेल. पण वाईची ती पोरगी कोण, हे तिला ठाऊक होतं, आणि ती तुझ्या बाजूनं होती. हे तू ऐकायला हवं होतंस. मी नुसती ऐकणारी, मला काय त्याचं? तू ऐकायला हवं होतंस गं.

मग आईनं इकडेतिकडे बघितलं आणि तेरा दिवसांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं. "कुठं गेली ती?"

मी आयुष्यात आईशी खोटं बोलले नाही. त्याचा मला तोरा होता, तुला त्यावरून ऐकवलंही होतं मी. पण त्या वेळी माझ्या तोंडून निघून गेलं, "माहेरी गेलीय, आई. वाईला."

आईनं मान डोलावली. परातीतला एक राजमा उचलून बाजूला ठेवला. सकाळपर्यंत दम निघेना तिला.

"बरं झालं," ती म्हणाली. "लई दमली होती. ऱ्हाऊ दे चार दिस जास्ती."

सहाला रेवाचा फोन आला. मी म्हटलं, एवढ्यात हो म्हणू नकोस त्या लोकांना, मी शनिवारी आईला घेऊन वर्गाला जाऊन येते, मग बोलू. झेपेल की नाही, मला अजूनही माहीत नाही. आज सकाळी तिच्यासमोर बसून होते, उठले नाही, आणि तिनं अर्धी परात निवडली.

तेव्हा तू राहा, वहिनी. तुझ्या सासूनं सांगितलंय. घाई करू नकोस, इकडची काळजी करू नकोस, आणि तिथं चहा गरम असताना पी.